रंगाखालची रेघ

सोमवार, ३

नवी नोकरी, नवी वही. बाबांनी निघताना ती हातात ठेवली आणि नेहमीचं वाक्य ऐकवलं: जे लिहिलं नाही ते जोडलं नाही असं समजायचं. आम्हां तिघी बहिणींना त्यांनी बारा वर्षांच्या होईपर्यंत घरीच शिकवलं. स्वयंपाकघरातलं टेबल ही आमची शाळा. त्याच टेबलावर भाजी चिरली जायची, गणितं सुटायची आणि बिघडलेले रेडिओ उघडले जायचे. तिथून दोन गोष्टी अंगात भिनल्या. तार जोडण्याआधी लिहायची. आणि कुणाबद्दल वाईट सांगायचं असेल तर आधी त्याच्या तोंडावर सांगायचं. ताई म्हणते, या दोन्हींपायी मी एक दिवस तोंडघशी पडणार आहे.

कारखाना काचेचा आहे. मोठी तावदानं कापायची, कडा घासायच्या, धुवायचं, बांधायचं. आत शिरल्यावर सगळीकडे इतका उजेड की मला एकदम हसूच आलं. जमीन पांढरीशुभ्र रंगवलेली. फोरमन म्हणाले, पांढऱ्यावर घाण लपत नाही. त्यांना सगळे मामा म्हणतात. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे. माझी पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि विचारलं, एवढीशी पोरगी एवढ्या तारा घेऊन कुठे निघालीस.

काच कापणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे साडेनऊ म्हणतात. का, ते त्याने डावा हात वर करून दाखवलं. अर्धी करंगळी पंधरा वर्षांपूर्वी गेली. तो म्हणाला, इथे आडनाव काचच ठरवते.

काम असं. सहा ठेंगण्या गाड्या आहेत, पाठीवर काचा उभ्या ठेवायची घोडी. आजवर माणसं त्या ढकलायची. आता त्यांनी जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपल्या आपण चालायचं आहे, आणि त्यांना डोळे मी बसवायचे आहेत. पट्टी टेबलांच्या बाजूने धुलाईपर्यंत जाते, तिथून बांधणीकडे. पार टोकाला, पट्टीपासून दूर, वाया गेलेल्या काचेचा खड्डा आहे. त्यात दोन दातेरी रूळ फिरतात आणि काचेचा रवा होतो. त्याला जातं म्हणतात.

मला काचेची केबिन मिळाली आहे. पूर्वी इथे तावदानं धूत, म्हणून जमिनीला दाराकडे उतार आहे. एक स्क्रू हातातून पडला तो घरंगळत थेट दाराबाहेर गेला. दाराला कडी नाही, हात भरलेले असताना खांद्याने ढकलता यावं म्हणून. टेबल मात्र जमिनीत बोल्टने पक्कं केलेलं. सोल्डर करताना हलणार नाही. बाबांना आवडलं असतं.

मंगळवार, ४

दिवसभर जोडणी. इथे नीट लिहून ठेवते.

गाडीच्या पोटाखाली आडव्या पट्टीवर पाच डोळे, म्हणजे सेन्सर. प्रत्येक डोळ्यात एक दिवा आणि एक पाहणारा. दिवा इन्फ्रारेड प्रकाश खाली टाकतो, तो आपल्याला दिसत नाही. पांढऱ्या जमिनीवरून तो परत येतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. किती परत आला ते पाहणारा मोजतो. लाल तार पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला, पाच पिवळ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पाच टोकांना. सेन्सर जमिनीपासून पेन्सिलीच्या जाडीइतका वर. संगणकावर पांढऱ्या जमिनीचा आकडा साठ-सत्तर येतो, काळ्या पट्टीचा साडेआठशे. बोर्डाला मोजता येतो तो सर्वांत मोठा आकडा एक हजार तेवीस.

प्रोग्रॅममधला एक भाग मला फार जमला आहे. रेघ हरवली तर गाडीने जागच्या जागी डावीउजवीकडे वळून ती शोधायची, दर वेळी जरा जास्त लांब जाऊन. तीस सेकंदांत सापडली नाही तर मोटर बंद. एकोणतिसाव्या सेकंदाला जरी सापडली तरी पुन्हा चालू लागायचं आणि मोजणी शून्यापासून. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तुझ्यासारखीच चिवट गाडी आहे.

गुरुवार, ६

गाड्या चालल्या. सहाही. कडा घासणाऱ्या ताई, ज्यांना इथे कडाताई म्हणतात, मशीन बंद करून बघायला आल्या. साडेनऊने पहिल्या गाडीला वाकून नमस्कार केला आणि मामांना म्हणाला, ही तुमच्यासारखी शिव्या देत नाही हो, कसं जमणार हिचं.

दुपारी माझं बोट कापलं. साडेनऊने कापूस दाबला आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली, जमिनीवर लावलेलीच. इथे सगळे असंच करतात. हातांना, बुटांना, कुठेही. डॉक्टर लांब आणि रीळ जवळ, असं तो म्हणाला.

एक नोंद. चौथ्या टेबलापाशी प्रत्येक गाडी क्षणभर अडखळते. उजवीकडचा डोळा दचकतो. तिथे तर काहीच नाही, पांढरी जमीन. टोकं पुन्हा तपासली. सोल्डर चकचकीत आहे.

शनिवार, ८

चार नंबरच्या गाडीने आज पट्टी सोडली.

काचा लादलेल्या होत्या. चौथ्या टेबलापाशी ती थांबली, वळली आणि मोकळ्या पांढऱ्या जमिनीवरून जात्याच्या दिशेने निघाली. भरकटल्यासारखी नाही. मध्येच एक हलकं वळण घेऊन, रेघेवरून चालावं तशी. मी धावत जाऊन खड्ड्याच्या काठावर तिचं बटण दाबलं. बोर्डाने साठवलेले आकडे वाचले. सबंध वाटेवर एक हजार तेवीस. काळ्या पट्टीहूनही जास्त.

मामा म्हणाले, तार ढिली असेल, बाळ. मऊ आवाजातच म्हणाले. मी सगळ्या तारा काढून नव्याने जोडल्या, तीनदा. ढिली एकही नव्हती. पण झोपताना वाटत राहिलं की एखादी असेलच, मलाच दिसली नसेल.

सोमवार, १०

अक्षर वाईट येईल.

अकरा वाजता चार नंबर पुन्हा वळली. वाटेत कडाताई पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या. गाडी त्यांच्या गुडघ्यांवर मागून आदळली. घोडीवरचं मोठं तावदान पुढे घसरलं आणि उभंच्या उभं त्यांच्या पायावर उतरलं. आवाज झाला नाही. काच फुटलीसुद्धा नाही. नडगीतून आरपार जाऊन ती जमिनीवर उभी राहिली आणि कडाताई तिच्याकडे बघत राहिल्या, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. मग रक्त आलं आणि मग त्या ओरडल्या.

गाडी मागे आली. वळून पुन्हा पुढे गेली, त्यांच्या हातावरून. बोटं मोडल्याचं मला ऐकू आलं. साडेनऊने हातोडीने तिच्या मोटरचा चुराडा केला तेव्हा कुठे ती थांबली.

जमीन धुतल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. कागद तयारच होता. दोष जोडणीत होता, असं त्यावर लिहिलेलं. म्हणाले, सही कर आणि घरी जा, पुढचं मी निस्तरतो, तुझ्या वडिलांनाही त्रास नको. मी म्हणाले, दोष माझा असेल तर तुरुंगातसुद्धा जाईन. पण आधी मला कळू द्या की तो माझा आहे. रविवारपर्यंतची मुदत मागितली.

माझ्या एखाद्या तारेने त्या बाईचा पाय गेला असेल तर मी पुन्हा कधीही काही जोडणार नाही.

मंगळवार, ११

साडेनऊला विचारलं. चौथ्या टेबलापाशी पूर्वी काय होतं? तो हातातल्या काच कापायच्या हिरकणीने काचेवर उगाच रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, तिथे मामांचा भाचा बसायचा. बांधणीवाला, तिशीतला, दोन लेकींचा बाप, फार हसवायचा. मामा म्हणायचा तोच, त्याचं ऐकून सगळे म्हणायला लागलो. दोन वर्षांपूर्वी जात्यात पडला. सुट्टीचा दिवस होता, मामा आणि तो दोघंच होते. पाय घसरला म्हणे. काचेच्या रव्यातून जेवढा काढता आला तेवढा काढला. त्याच आठवड्यात जमिनीला पहिला पांढरा रंग लागला.

मग मी एक सुटा सेन्सर बोर्डाला जोडला आणि जमिनीवर गुडघे टेकून वीतभर वीतभर सरकवत गेले. प्रत्येक जागेचा आकडा चौकटीच्या कागदावर. मोठा आकडा आला की चौकट काळी करायची. माणसं जेवत होती तेवढ्यात निम्मं झालं, उरलेलं सुटल्यावर.

रंग माणसाच्या डोळ्यांसाठी असतो. काही रंगांतून इन्फ्रारेड सरळ खाली उतरतो आणि खाली जे आहे ते बघतो.

कागदावर चौथ्या टेबलापाशी मोठं थारोळं आलं. तिथून निघालेला पट्टा जात्यापर्यंत गेला, ओढलेल्या माणसाच्या रुंदीचा. मध्येच हलकं वळण. आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, वाटभर, बारीक रेघा. चार-चार, समांतर, मागे राहिलेल्या. मी माझी बोटं कागदावर ठेवून पाहिली.

तो जिवंत होता. जमीन धरून ठेवत होता.

बुधवार, १२

रात्रभर विचार केला आणि घरी शिकले तेच केलं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर. सकाळी मामांना केबिनमध्ये बोलावून कागद पुढे ठेवला. म्हटलं, दोष माझ्या जोडणीत नाही, या जमिनीत आहे. मी हे कारखान्याच्या मालकांना, साहेबांना सांगणार आहे, पण तुम्हाला न सांगता सांगणं बरं दिसत नाही.

त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. त्या बारीक रेघांवरून अंगठा फिरवला. आवाज तेवढाच मऊ. आणखी कुणी पाहिलंय का, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं, नाही. मग म्हणाले, रविवारी सुट्टी आहे, दोघं मिळून पुन्हा मोजू. तुझं खरं निघालं तर मीच साहेबांकडे येतो. तोवर वहीतच राहू दे.

जीव भांड्यात पडला. माणूस वाईट वाटत नाही.

गुरुवार, १३

माल अडतो म्हणून मामांनी उरलेल्या पाचही गाड्या चालूच ठेवल्या होत्या. त्या आज एकदम वळल्या. साडेनऊ चौथ्या टेबलावर काच धरून होता. पहिलीने टेबल हलवलं, दुसरीने त्याला काचेवर दाबलं. उजवा पंजा. तीन बोटं पांढऱ्या जमिनीवर पडली, एक माझ्या बुटाशी.

त्याने स्वतःच काळी पट्टी गुंडाळली, दातांनी तोडून. मला म्हणाला, रडू नको पोरी, आता साडेसहा म्हणायचं. मग बेशुद्ध पडला.

त्याचं रक्त जिथे सांडलं तिथून गाड्या हलत नव्हत्या. कुत्री हुंगतात तशा मान फिरवत होत्या.

शुक्रवार, १४

पाचही गाड्या चार्जिंगला लावून, बटणं बंद करून, एकीच्या पिवळ्या तारा उपटल्या. पाचही टोकं ग्राउंडला बांधली. आता आकडा शून्यच यायला हवा, दुसरं काही येऊच शकत नाही.

१०२३. १०२३. १०२३. १०२३. १०२३.

सोडून पुन्हा बांधलं. तेच.

मग बॅटरीची आणि संगणकाची तारही काढली. बोर्डाला वीजच नाही. तरी मागे कुठेतरी — मोटर फिरल्याचा आवाज, अगदी हळू.

दोष माझ्या जोडणीत नाही. हे मी सुखाने लिहीत नाहीये.

रविवार, १६
सकाळचे दहा

फाटकावरच्या पेटीत मोबाईल ठेवून आत आले, नियमाप्रमाणे. मामा आधीच आलेले. जातं चालू. मी विचारलं, रिकामं का चालवताय. म्हणाले, गंज धरतो.

वही मागितली. मी म्हणाले, आधी मोजूया.

साडेदहा

लिहिते. जेवढं होईल तेवढं.

मामाने काचेची लांब पट्टी घेतली होती. एका टोकाला फडकं. मी सेन्सर घेऊन खाली बसले तेव्हा मागून, घोट्याच्या वर. टाचेमागची शीर तुटली. पाय लाकडासारखा — खाली वळतच नाही.

बोलत होता. मऊ. तावदान त्याच्याच हातून सुटलं होतं त्या दिवशी, भाच्याच्या मांडीवर. वाचला नसता म्हणाला. वाचला असता तर बोलला असता म्हणाला. केसांना धरून मला ओढायला लागला, त्याच वाटेने. मी जमीन धरली. नखं रंगात रुतली. रंगाखाली ओलं होतं.

मग गाड्या आल्या. चार्जिंगच्या तारा मागे फरफटत. चार नंबरही होती, तिला मोटर नाही. नव्हती.

पहिलीने त्याचे गुडघे मागे मोडले. मागे, पुढे नाही. तो माझ्या अंगावर पडला, मी खालून निसटले, कोपरांवर सरपटत केबिनकडे. मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं. सहाहीजणी त्याला ढकलत होत्या. एक थांबायची, मागे यायची, पुन्हा वर चढायची. हलक्या वळणावरसुद्धा त्यांनी त्याला नीट वळवलं. तो हाका मारत होता. सोड रे आता, मामा आहे मी, अरे मामा आहे मी तुझा —

जात्याचा आवाज बदलला. बराच वेळ जड चालला. मग पुन्हा हलका.

पावणेअकरा

त्या परत आल्या आहेत.

खड्ड्यापासून नाही. मी जिथे पडले होते तिथून. माझ्या मागे रेघ आहे. तिथून केबिनच्या दारातून थेट माझ्या खुर्चीपर्यंत, लाल, ओली, अखंड. प्रत्येकीचे पाचही डोळे तिच्यावर. चार नंबर पुढे.

दाराला कडी नाही. टेबल हलत नाही. वर चढवत नाही, पाय उचलत नाही.

स्वेटरने पुसते. दाराशी. दोन हात जागा कोरडी केली.

पायाला ड्रॉवरमधली काळी पट्टी गुंडाळली, सातआठ वेढे. गळायचं थांबलंय. बहुतेक.

दार ढकलून चार नंबर आत आली. कोरड्या जागेशी थांबली. रेघ हरवली तिची. डावीकडे मान. उजवीकडे.

तीस सेकंद. मीच लिहिलेत. मोटर बंद होईल, व्हायलाच हवी, लिहिलंय ते —

बाबा, दोष जोडणीत नव्हता. वही कुणाला मिळाली तर तो चौकटीचा कागद शेवटच्या पानाला चिकटवलाय. साडेनऊला दाखवा. मी सही केलेली नाही.

मोजतेय. बारा. तेरा. डावीकडे, आणखी लांब. तिच्या पुढच्या फळीवर केस आहेत.

एकोणीस. वीस.

पट्टीच्या खालून एक थेंब. फक्त एक. जमिनीवर पडला. पायाने दाबायला गेले तर दुसरा.

चोवीस.

थेंब थांबलेला नाही. बारीक रेघ होऊन सरकतोय. मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, स्क्रू पडला तेव्हा, जमिनीला उतार —

सत्तावीस. दाराकडे उतार

अठ्ठावीस. वीतभर राहिलंय, बोटाने अडवते, बोटाव